घर घेण्यापूर्वी वस्ती पाहावी : लातूर मे महिन्यात, नांदेड सप्टेंबरात

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूर स्थानकात दाखल झाली. तिच्या दहा वाघिणींमध्ये मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांहून अधिक. या संख्येने भागले, तर त्या दिवशी माणशी जेमतेम सव्वा लिटर पाणी आले, असा हिशेब निघतो. पुढे वाघिणींची संख्या वाढून पन्नासवर गेली आणि ऑगस्टपर्यंत या फेऱ्या सुरू राहिल्या. शेजारच्या नांदेडची तऱ्हा उलटी. सप्टेंबर २०२४ मध्ये अतिवृष्टीने गोदावरीला पूर आला, सखल भागांत पाणी शिरले आणि नदीकाठच्या वस्त्यांतील रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याची पुनरावृत्ती झाली.

एका शहराला पाण्याच्या अभावाने ग्रासले, तर दुसऱ्याला त्याच्या अतिरेकाने. मराठवाड्यातील या दोन प्रमुख शहरांत घर घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने वस्तीची निवड करताना हीच गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्यक्षात मात्र घराचा शोध चौरस फुटाच्या दरापासून सुरू होतो आणि दिवाणखान्याच्या फरशीपाशी संपतो. फरशी बदलता येते, स्वयंपाकघराचा ओटा पुन्हा बांधता येतो, दोन खोल्या वाढवता येतात. वस्ती मात्र बदलता येत नाही. तिची उंची, तिचे पाणी, तिची जमीन आणि त्या जमिनीचा इतिहास घराबरोबरच विकत घ्यावा लागतो.

गरज किती वर्षांची?

या दोन्ही शहरांत घर घेणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग मूळचा शहरातला नसतो. अहमदपूर, उदगीर, निलंगा, कंधार, मुखेड, देगलूर अशा तालुक्यांतील शिक्षक, शेतकरी, छोटे व्यापारी मुलांच्या शिक्षणासाठी शहरात येतात. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद शिक्षण संस्था यांच्या निकालांमधून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रूढ झाला. वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांमुळे नांदेडनेही तशीच ओळख मिळवली आहे. दहावीनंतर मुलाला शहरात ठेवायचे, आईने सोबत राहायचे आणि वडिलांनी गावी शेती किंवा नोकरी सांभाळायची, ही व्यवस्था आता हजारो घरांत दिसते.

अशा वेळी साहजिकच शिकवणीवर्गांच्या जवळचे घर सोयीचे वाटते. लातुरात उद्योग भवन ते सिग्नल कॅम्प हा पट्टा ‘ट्युशन एरिया’ म्हणूनच ओळखला जातो. नांदेडात श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर, आनंदनगर या भागांत शिकवण्या, वसतिगृहे आणि खाणावळी यांची दाटी आहे. तथापि अकरावी-बारावीची गरज दोन वर्षांची असते, तर गृहकर्जाची मुदत वीस वर्षांची. मुलगा पुण्या-मुंबईला गेल्यावर त्या घरात कोण राहणार, याचे उत्तर खरेदीपूर्वीच शोधावे. निवृत्तीनंतर पती-पत्नी तिथे राहणार असतील, तर शिकवणीपेक्षा रुग्णालय, भाजी मंडई आणि सकाळी चालायला मोकळी जागा यांचे महत्त्व अधिक ठरते. घर भाड्याने द्यायचे असेल, तर मात्र हाच गजबजलेला भाग फायद्याचा ठरू शकतो. केवळ दोन वर्षांचाच प्रश्न असेल, तर भाड्याचे घर घेऊन खरेदीचा निर्णय पुढे ढकलणे शहाणपणाचे. त्या दोन वर्षांत शहराचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा डोळ्यांखालून जातो, हा आणखी एक लाभ.

लातूर : नळ, हौद आणि बोअर

लातूरचा जुना गाभा म्हणजे गंजगोलाई. निजामी राजवटीत आखलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. हा परिसर व्यापाराचा असल्याने येथे सर्व काही हाकेच्या अंतरावर मिळते. परंतु रस्त्यांवरील गर्दी, मालवाहू वाहनांची ये-जा आणि वाहनतळाची अडचण ही त्याची दुसरी बाजू आहे. मोतीनगर, विशालनगर, प्रकाशनगर, सिग्नल कॅम्प या रुळलेल्या वस्त्या. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड आणि नांदेड रोड या चारही दिशांना शहर वाढत गेले. खाडगाव रोड, सारोळा रोड, कव्हा रोड या बाजूंना गेल्या काही वर्षांत शेतांचे प्लॉट झाले. बार्शी रोडच्या बाजूला औद्योगिक वसाहत असून, पुढे हरंगुळजवळ २०१८ मध्ये पायाभरणी झालेला रेल्वे डबे निर्मिती कारखाना आहे. त्यामुळे त्या दिशेच्या जागांकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वळले. राहण्यासाठी घर घेणाऱ्याने मात्र कारखाना येणार म्हणून जागा घेऊ नये; आज तेथे नळ येतो का, हे पाहून घ्यावी.

लातूरला पाणी येते ते केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणातून. धरण भरले की शहराचा जीव भांड्यात पडतो. ते आटले की नळाच्या दोन पाळ्यांमधील अंतर वाढत जाते. मार्च २०१६ मध्ये पाणवठ्यांवर तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. त्याच वर्षी पुढे चांगला पाऊस होऊन धरण भरले आणि शहर सावरले. तरीही त्या उन्हाळ्याने शिकवलेला धडा घर घेणाऱ्याने विसरता कामा नये.

या धड्याचे गणित सोपे आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. पाच जणांच्या कुटुंबाला त्यानुसार दिवसाला ६७५ लिटर पाणी लागेल. नळ दर आठ दिवसांनी सुटत असेल, तर घरात ५,४०० लिटर साठवण्याची सोय हवी. काटकसरीने निम्म्यात भागवायचे म्हटले तरी २,७०० लिटरची टाकी अथवा हौद लागतोच. वीस सदनिकांच्या इमारतीला याच हिशेबाने दिवसाला साडेतेरा हजार लिटर पाणी लागते. म्हणून सदनिका पाहताना जमिनीखालील टाकीची क्षमता किती, ती किती सदनिकांत वाटली जाते आणि गच्चीवरील टाकीपर्यंत पाणी चढवण्याचा वीजखर्च कोण भरते, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

‘बोअरला भरपूर पाणी आहे’ या आश्वासनावर विसंबणे धोक्याचे ठरते. मराठवाड्याची जमीन काळ्या बसाल्ट खडकाची आहे. या खडकात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. त्यामुळे एका प्लॉटच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारचा कोरडा जातो, असा अनुभव सर्रास येतो. आजूबाजूला बोअर वाढले की जुन्या बोअरचे पाणी खाली जाते. ऑक्टोबरात धो धो वाहणारा बोअर मे महिन्यात तास-अर्धा तास तरी चालतो का, हे विक्रेत्याला नव्हे, तर शेजारच्या घरातील गृहिणीला विचारावे. टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो आणि त्याला काय पडते, हेही तिथेच कळते. ज्या गल्लीत टँकर आत वळू शकत नाही, तेथे घर घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

नांदेड : नदीचे दोन काठ

नांदेड शहर गोदावरीच्या उत्तर काठावर वाढले. वजिराबाद, इतवारा, गुरुद्वारा परिसर हा जुना भाग. २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाख लोकसंख्येचे हे शहर देशभरातील शीख भाविकांचे तीर्थक्षेत्र आहे. २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने आणि जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीतून शहरात रस्ते, पूल आणि पाणीपुरवठ्याची मोठी कामे झाली. शिवाजीनगर, आनंदनगर, भाग्यनगर, श्रीनगर या भागांत नोकरदार आणि व्यावसायिक स्थिरावले. डॉक्टर लेनमुळे वैद्यकीय सेवा या बाजूला एकवटल्या. पुढे मालेगाव रोड, पूर्णा रोड, चैतन्यनगर, तरोडा या दिशेने वस्ती पसरली.

नदीपलीकडचा दक्षिण काठ ही वेगळी दुनिया. सिडको आणि हडको या नियोजित वसाहतींनी तेथे नवीन नांदेड उभे केले. आखीव रस्ते आणि स्पष्ट कागदपत्रे हा अशा वसाहतींचा मोठा गुण. कौठा, असर्जन आणि विष्णुपुरी हा पट्टाही याच काठावर येतो. विष्णुपुरीत श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था, १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या संस्थांत नोकरी करणाऱ्यांना दक्षिण काठ सोयीचा. ज्यांची शाळा, दुकान अथवा कार्यालय उत्तर काठावर आहे, त्यांना मात्र रोज पूल ओलांडावा लागतो. हा प्रवास एकदा सकाळी दहा वाजता आणि एकदा मुसळधार पावसात करून पाहावा.

लातूरप्रमाणे नांदेडात पाण्याची रेल्वे आली नाही, याचे एक कारण म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला असलेला विष्णुपुरी प्रकल्प. शंकरसागर जलाशयामुळे शहराची तहान भागते. तथापि हाच जलाशय पावसाळ्यात भरला की त्याचे दरवाजे उघडावे लागतात. वरून, जायकवाडीकडून येणारे पाणी, स्थानिक पाऊस आणि उत्तरेकडील आसना नदी ही सारी एकाच वेळी फुगली की सखल भागांची परीक्षा होते. ऑगस्ट २००६ मधील गोदावरीचा महापूर जुन्या रहिवाशांना आजही आठवतो. खडकपुरा, देगाव चाळ, गंगाचाळ अशा नदीलगतच्या वस्त्यांची नावे पुराच्या बातम्यांत वारंवार येतात. पण केवळ नदीकाठच धोक्याचा, असे समजू नये. नदीची पातळी वाढली की शहरातील नाल्यांचे पाणी तिच्यात जाऊ शकत नाही. ते मागे फुगते आणि नदीपासून दूर असलेल्या, परंतु नाल्यालगतच्या वसाहतीत शिरते. सांगवीच्या बाजूला आसनेचाही विचार करावा लागतो.

याबाबत शासकीय नोंदी उपयोगी पडतात. नदीच्या पूररेषा दोन असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषा दाखवते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो. निळ्या आणि लाल रेषांमधील पट्ट्यात अटींवर बांधकाम करता येते आणि जोत्याची उंची ही त्यांतील महत्त्वाची अट असते. आपला प्लॉट या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, याची खात्री महापालिकेच्या नगररचना विभागातून करून घ्यावी. याखेरीज एक घरगुती परीक्षाही आहे. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर ओलाव्याची आडवी रेघ दिसते का, जोती रस्त्यापेक्षा उंच बांधली आहेत की रस्ताच डांबराचे थर चढून घरांपेक्षा उंच झाला आहे, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात पहिल्या जोरदार सरीतच पाणी अंगणात येते.

पायाखालची जमीन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. धक्क्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत ती फार नव्हती. बळी घेतले ते घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचे जड छप्पर, अशी ती घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यापूर्वी हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता. २००२ च्या भारतीय मानकाने लातूरचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात केला. नांदेड शहराच्या काही भागांतही २००७ पासून सौम्य धक्क्यांची मालिका जाणवली होती, तर मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरात झालेल्या भूकंपांचे हादरे नांदेडपर्यंत पोहोचले.

घाबरून जाण्याचे कारण नाही; परंतु विचारपूस करण्याचे कारण निश्चित आहे. इमारतीचा आराखडा भूकंपरोधक निकषांनुसार केला आहे काय आणि तो कोणत्या संरचना अभियंत्याने केला, याची माहिती लेखी मागावी. तळमजल्यावर केवळ खांब आणि वाहनतळ, वर मात्र विटांच्या भिंतींचे चार मजले, अशा इमारतींचा तळमजला तुलनेने कमकुवत राहतो. २००१ च्या भूज भूकंपात अशा अनेक इमारती खांबांतूनच खचल्या. तेथे खांबांचे आकारमान आणि सळ्यांची बांधणी यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

दुसरा प्रश्न काळ्या मातीचा. कापसाला आणि सोयाबीनला पोसणारी ही माती घराला मात्र मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेतला तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरक्या चिरा जातात, दारे अडकू लागतात, फरशी उचलली जाते. शहरालगतचे बहुतेक नवे प्लॉट कालपरवापर्यंत पिकाखाली होते. म्हणून काळी माती काढून मुरूम किंवा कठीण थरापर्यंत पाया नेला आहे का आणि जोत्यात मुरमाचा भराव आहे का, हे विचारावे. जुनी विहीर अथवा नाला बुजवून प्लॉट पाडल्याची शक्यताही तपासावी. गावातील वयस्क शेतकरी हे नेमके सांगतात. घर तयार असेल, तर उन्हाळ्याच्या अखेरीस पाहावे, कारण चिरा तेव्हाच उघड्या पडतात.

कागद बोलतात

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जमिनीच्या कागदपत्रांचा इतिहास पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे. इनाम, देवस्थान, वक्फ, वतन अशा नाना प्रकारच्या जमिनी शहरांच्या वाढीत वस्त्यांखाली आल्या. सातबारा उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा उल्लेख असेल, तर त्या जमिनीच्या हस्तांतरावर शासनाचे निर्बंध असतात आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार अडचणीत येऊ शकतो. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखालील कुळाचा हक्क हा आणखी एक मुद्दा. म्हणून केवळ ताजा सातबारा पाहून थांबू नये. आधीचे सर्व फेरफार आणि गरज पडल्यास १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढावे. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका पाहावी.

गुंठेवारी हा या दोन्ही शहरांच्या कडेच्या वस्त्यांचा दुखरा भाग. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे रेखांकन मंजूर न करता विकले जातात. कित्येक ठिकाणी तर खरेदीखत नोंदवलेच जात नाही. शंभर-पाचशे रुपयांच्या बॉण्डवर नोटरी करून पैसे दिले जातात. अशा कागदाने मालकी मिळत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. राज्य शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मधील दुरुस्तीने डिसेंबर २०२० अखेरपर्यंतच्या वसाहतींना त्याचा लाभ खुला केला. मात्र ‘पुढे नियमित होईल’ या शब्दावर आज पूर्ण किंमत मोजू नये. नियमितीकरणाचे शुल्क, रस्त्यासाठी जाणारी जागा आणि बँकेकडून कर्ज मिळण्यातील अडचण यांचा भार अखेर खरेदीदारावरच पडतो.

मंजूर रेखांकनातही तात्पुरती आणि अंतिम मंजुरी असा फरक असतो. अंतिम मंजुरीची प्रत पाहून प्लॉटचा क्रमांक नकाशाशी ताडून घ्यावा. नकाशात खुली जागा दाखवलेल्या ठिकाणीच आपला प्लॉट नाही ना, याची खात्री करावी.

बांधकाम प्रकल्पांसाठी १ मे २०१७ पासून ‘महारेरा’ची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनेतील दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना ही नोंदणी सक्तीची नाही. लातूर-नांदेडमध्ये सहा-आठ सदनिकांच्या इमारती आणि चार-पाच रो-हाऊसचे प्रकल्प मोठ्या संख्येने होतात. तेथे खरेदीदाराची दक्षता हेच त्याचे संरक्षण. बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र या तीन कागदांशिवाय ताबा घेऊ नये. मंजूर नकाशात तीन मजले आणि प्रत्यक्षात चार, अशी स्थिती असेल, तर चौथ्या मजल्यावरील घर कितीही स्वस्त मिळाले तरी टाळलेले बरे.

खर्चाचा पूर्ण हिशेब

जाहिरातीतील किंमत ही शेवटची किंमत नसते. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का धरला जातो. निवासी मिळकतीचे खरेदीदार केवळ महिला असतील, तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. उदाहरणार्थ, ४० लाखांच्या सदनिकेवर मुद्रांक व अधिभार मिळून २ लाख ४० हजार रुपये होतात; पत्नीच्या किंवा आईच्या एकटीच्या नावे खरेदी झाल्यास ४० हजार रुपये वाचतात. बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेवर वस्तू व सेवा कर लागतो. या शहरांत चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल, तर तो १ टक्का, अन्यथा ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर हा कर नसतो.

याच वहीत वस्तीचा खर्चही मांडावा. उन्हाळ्यातील टँकर, पिण्याच्या पाण्याचे जार, बोअर खोल करण्याचा खर्च, जोते उंचावण्यासाठीचा भराव, मुलांच्या शाळेची रिक्षा, रोजचे पेट्रोल. शहराबाहेरचा प्लॉट दोन लाखांनी स्वस्त पडला आणि या बाबींवर महिन्याला चार हजार रुपये अधिक गेले, तर बचत चार वर्षे दोन महिन्यांत संपते. त्यानंतर स्वस्त वस्तीच महाग ठरते.

दोन ऋतूंची परीक्षा

दलाल घर दाखवतो ते बहुधा दिवाळीनंतर. हिवाळ्यात लातूरच्या नळाला पाणी असते आणि नांदेडची गोदावरी शांत असते. रस्ते कोरडे, हवा प्रसन्न. अशा दिवसांत प्रत्येक वस्ती चांगलीच दिसते. म्हणून शक्य असेल तर निर्णय लांबवावा आणि निवडलेली वस्ती मे महिन्यात दुपारी व ऑगस्ट-सप्टेंबरात रात्री, अशी दोनदा पाहावी. दुपारी नळाची पाळी, टँकरची रांग आणि गच्चीखालच्या मजल्यावरील उकाडा कळतो. रात्री रस्त्यावरचे दिवे, साचलेले पाणी आणि शिकवणीहून परतणाऱ्या मुलींसाठी तो रस्ता किती निर्धास्त आहे, हे समजते.

तितका अवधी नसेल, तर वस्तीतील निदान तीन घरी जाऊन चौकशी करावी. एक घर दहा वर्षांहून जुन्या रहिवाशाचे, एक भाडेकरूचे आणि एक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचे. २०१६ च्या उन्हाळ्यात येथे पाणी कसे मिळत होते, गेल्या मोठ्या पावसात पाणी कुठवर आले होते आणि या गल्लीतले कोणी घर विकून गेले असल्यास का गेले, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. विकत घेणाऱ्यापासून लपवले जाते, ते शेजाऱ्याकडून सहज कळते.

मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यात बहुधा एकदाच घर घेते. त्यासाठी कुणी गावाकडची दोन एकर विकतो, कुणी भविष्य निर्वाह निधी मोडतो, कुणी पत्नीचे दागिने गहाण ठेवतो. त्या पैशातून भिंती मिळतातच. भांडे भरायला नळ आणि पावसाळ्यात निर्धास्त झोप मिळते की नाही, ते वस्ती ठरवते.